एन्ट्रीची तारीख, बँकेची तारीख

ऑक्टोबरची ३१ तारीख. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतलं एखादं छोटं मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. संगणकावर चालणारी दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी मशीन, आठ-दहा कामगार, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून द्यायचं काम. मालकाच्या मोबाइलवर बँकेचं ॲप चालू खात्यात ५,८२,७१० रुपये दाखवतंय. ऑफिसातल्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच खात्याची शिल्लक ४,१८,३५० आहे. मालक ॲपवर भरवसा ठेवतो, अकाउंटंट टॅलीवर. आणि दोघंही चुकतात, कारण त्या संध्याकाळी त्यांना आपले म्हणता येतील असे पैसे आहेत ५,०६,३१०.

हा तिसरा आकडा कुठेच लिहिलेला नसतो, तो काढावा लागतो. छोट्या धंद्यात पैशाच्या बाबतीत जे निर्णय चुकतात, त्यातले पुष्कळसे हा आकडा न काढताच घेतलेले असतात. नफ्यातले धंदे पगाराच्या दिवशी अडकतात ते याच कारणाने, आणि ते टाळता येण्यासारखं असतं म्हणून त्याची हळहळ जास्त वाटते.

वरचा आकडा कसा निघाला ते सावकाश बघू. टॅलीतल्या शिल्लकेपासून सुरुवात करा. २९ तारखेला एका कंपनीकडून एनईएफटीने १,१६,००० आले, त्याची नोंदच केलेली नाही. ती धरली की ५,३४,३५०. मशीनच्या कर्जाचा २७,४५० चा हप्ता ईसीएसने परस्पर गेला (त्याला आता एनएसीएच म्हणतात, पण बोलण्यात अजून ईसीएसच आहे). तो वजा केला की ५,०६,९००. बँकेने ५०० रुपये चार्जेस आणि त्यावर ९० रुपये जीएसटी कापला. उरले ५,०६,३१०. आता बँकेच्या बाजूने या. स्टेटमेंटला ५,८२,७१०. टूल्सवाल्याला दिलेला ६८,००० चा आणि ट्रान्सपोर्टवाल्याला दिलेला ४४,४०० चा चेक अजून वटायचा आहे, म्हणून १,१२,४०० वजा. एका पार्टीचा ३६,००० चा चेक आज हातात आला, टॅलीत जमा करून टाकला, पण बँकेत तो उद्या पडणार, म्हणून ३६,००० अधिक. पुन्हा ५,०६,३१०. दोन्ही बाजूंनी चालत आल्यावर एकाच आकड्यावर भेट झाली, म्हणजे जुळवणी झाली.

अकरावीला पुस्तपालनात बँक जुळवणी पत्रक शिकवतात ते एका शिल्लकेपासून निघून दुसऱ्या शिल्लकेपर्यंत जाणारं. परीक्षेला ते ठीक आहे. धंद्यात मात्र दोन्ही टोकांकडून मध्यावर यावं असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे फरकाचे दोन प्रकार आपोआप वेगळे पडतात. बँकेच्या बाजूचे फरक काळच मिटवतो: चेक वटेल, जमा पडेल, आपण नोंद करायची गरज नाही. पुस्तकांच्या बाजूचे फरक मात्र आपण नोंद केल्याशिवाय कधीही मिटत नाहीत. हे दोन्ही एकाच यादीत टाकले, की हप्त्याची नोंद राहून जाते आणि पुढच्या महिन्याच्या यादीत तीच ओळ तशीच उतरते.

नोंद करताना नुसती रक्कम टाकून भागत नाही. वरचे १,१६,००० घ्या. बिल होतं १,००,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८,०००. कंपनीने जॉबवर्कवर (दुसऱ्याच्या मालावर करून दिलेल्या कामावर) २ टक्के टीडीएस कापला, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर. तो जीएसटी सोडून मूळ रकमेवर कापतात, म्हणून २,०००. अकाउंटंटने नुसते १,१६,००० जमा केले तर पार्टीच्या खात्याला २,००० लोंबकळत राहतात, आणि वर्षअखेरीला अशा दोन-दोन हजारांची लांबलचक शेपटी होते. त्यातला टीडीएस कुठला, रिजेक्शनची डेबिट नोट (नापास मालापोटी कापलेली रक्कम) कुठली आणि खरोखर बुडालेले पैसे कुठले, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पैसे आले त्या आठवड्यातच बिल पुरतं मिटवायचं: बँक १,१६,०००, टीडीएस येणे २,०००, पार्टी जमा १,१८,०००. टीडीएस कंपनीने खरंच भरला का, ते आयकर खात्याच्या पोर्टलवर बघता येतं.

किरकोळ दुकानात हाच प्रश्न कार्ड मशिनमुळे येतो. २०,००० ची विक्री कार्डावर झाली, दर ०.९ टक्के धरला तर १८० रुपये कापले, त्यावर ३२.४० जीएसटी, आणि दुसऱ्या दिवशी खात्यात आले १९,७८७.६०. पुष्कळ ठिकाणी आलेली रक्कमच विक्री म्हणून टाकतात. मग जीएसटीतली विक्री आणि बँकेतली जमा कधीच जुळत नाही. विक्री २०,००० चीच दाखवायची, ती ‘कार्ड येणे’ अशा मधल्या खात्याला टाकायची, आणि बँकेत पैसे आले की ते खातं चार्जेससह शून्यावर आणायचं. ते शून्यावर येत नसेल तर एखाद्या दिवसाचं सेटलमेंट आलेलंच नाही, हे दोन दिवसांत कळतं.

आता फरक सापडत नाही तेव्हाचं. आधी मागच्या जुळवणीची शेवटची शिल्लक आजही तितकीच आहे का ते बघा. मागल्या तारखेची एखादी एन्ट्री नंतर कुणी बदलली किंवा पुसली, तर या महिन्यात कितीही शोधलं तरी हाती काही लागत नाही. मग फरकाला ९ ने भाग जातो का ते पाहायचं. ४,५३६ च्या जागी ४,५६३ टाइप झालं तर फरक २७ येतो, ५४,६०० चे ४५,६०० झाले तर ९,०००. आकडे उलटसुलट पडले की फरक नेहमी ९ च्या पटीतच येतो. तेही नसेल तर फरकाचा अर्धा करा आणि त्या रकमेची एन्ट्री शोधा. जमेची नोंद नावे पडली तर रकमेच्या दुप्पट फरक येतो. मग एकच एनईएफटी दोनदा टाकलाय का, आणि दोन बँका असतील तर एकीचा व्यवहार दुसरीत गेलाय का. एवढ्यात फरक बहुतेक वेळा सापडतो.

सापडला नाही आणि फरक अगदी किरकोळ असेल, बारा-पंधरा रुपयांचा, तर तो ‘किरकोळ खर्चा’त टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं करू नका. पंधरा रुपयांचा फरक म्हणजे पंधरा रुपयांचीच चूक असं नसतं. राहिलेली ५०,०१५ ची जमा आणि राहिलेलं ५०,००० चं पेमेंट मिळूनही तो पंधराच दिसतो.

टॅलीत बँकेचं लेजर उघडून रिकन्सिलिएशनमध्ये गेलं की प्रत्येक एन्ट्रीपुढे बँक डेटचा रकाना येतो. स्टेटमेंट इम्पोर्ट करून हे काम आपोआपही होतं आणि त्याने वेळ वाचतो, पण एकाच रकमेची दोन बिलं असली की सॉफ्टवेअर खुशाल चुकीची जोडी लावतं. म्हणून यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) नॅरेशनमध्ये, म्हणजे एन्ट्रीखालच्या टिपणात, हवाच. एनईएफटीचा सोळा अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा बावीस. पेमेंट ॲडव्हाइसच्या मेलमधून तो एन्ट्रीत चिकटवायला काही सेकंद लागतात. स्टेटमेंट मात्र मालकाने स्वतःच्या लॉगिनमधून पीडीएफमध्ये काढावं. एक्सेलमधला आकडा कुणीही बदलू शकतो. आणि जो माणूस पेमेंट टाकतो त्यानेच जुळवणी करून तीच शेवटची मानायची, ही पद्धत विश्वासू माणसावरही अन्याय करणारी आहे, कारण काही गडबड झालीच तर संशय त्याच्यावरच येतो. एकच अकाउंटंट असेल तर निदान जुळवणीच्या कागदावर मालकाने नजर टाकून सही करावी.

परत आलेल्या चेकबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे महिन्याची जुळवणी पुरत नाही. स्टेटमेंटला चेक आधी जमा दिसतो आणि नंतर तेवढीच रक्कम नावे. जमा बघून टिक केली आणि पुढची ओळ सुटली, तर पार्टीचे पैसे आले असं पुस्तक सांगत राहतं. परत आल्याची नोंद वेगळी उलटी एन्ट्री करून घ्यायची, मूळ पावती पुसायची नाही. रिटर्न चार्जेस पार्टीच्या नावे टाकायचे की आपण सोसायचे, तेही तेव्हाच ठरवायचं. आणि मुख्य म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली जायचं असेल, तर चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला समोरच्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर तक्रारीसाठी एक महिना. रिटर्न मेमो टेबलावर पडून आहे आणि जुळवणी पुढच्या महिन्यात होणार, अशा वेळी पहिलीच मुदत हातातून जाते.

आपण दिलेल्या चेकचंही बघायचं असतं. चेकची मुदत तारखेपासून तीन महिन्यांची, २०१२ पासून तेवढीच आहे. ज्याला दिला त्याने तीन महिने भरलाच नाही, तर ती रक्कम परत खात्यात घ्यायची, देणं म्हणून उभं ठेवायचं आणि त्या माणसाला फोन करायचा. ‘आज चेक दिला, दोन दिवस तरी लागतीलच’ हा हिशेब तर आता सोडूनच द्यायला हवा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक क्लिअरिंग दिवसभर सलग चालतं. सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी आपल्या खात्यावर येऊन उभा राहतो. उद्याच्या वसुलीच्या भरवशावर आज चेक फाडणाऱ्यांची गणितं या बदलाने मोडली, आणि पुष्कळांना ते चेक परत गेल्यावर कळलं.

एवढा सगळा खटाटोप नुसता हिशेब चोख राहावा म्हणून नाही. मला जुळवणीचं खरं मोल त्या बँक डेटच्या रकान्यात दिसतं. एका बाजूला बिलाची तारीख आणि दुसऱ्या बाजूला पैसे खात्यात पडल्याची तारीख. वर्षभर जुळवणी नीट केली की या दोन तारखांमधलं अंतर प्रत्येक पार्टीसाठी हातात असतं, आणि पुढच्या तीन महिन्यांचं रोखीचं अंदाजपत्रक करायला यापेक्षा भरवशाची दुसरी माहिती नसते. परचेस ऑर्डरवर लिहिलंय ४५ दिवस. पण कंपनी दिवस मोजायला लागते माल उतरून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाल्यावर, इन्स्पेक्शन होऊन. त्यातही पेमेंट सुटतात महिन्यातल्या ठरलेल्या दोन तारखांना, आणि एक तारीख हुकली की आणखी पंधरवडा. त्यामुळे तारखा पाहिल्या तर तेच ४५ दिवस कधी ५५ आणि कधी ७० निघतात. अंदाजपत्रकात ४५ लिहिणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं. सरासरीही लिहू नका, कारण जवळपास निम्म्या वेळा पैसे सरासरीनंतरच येतात. नेहमीच्या उशिरातला जास्तीचा उशीर धरा.

अंदाजपत्रकाची रचना सोपी ठेवावी. आडवे तेरा आठवडे, उभ्या ओळींत आधी येणी पार्टीनिहाय, मग देणी तारखेनिहाय. महिन्याचा एकच रकाना केला की फसगत होते, कारण महिन्याच्या शेवटी शिल्लक दिसते आणि मधल्या खड्ड्याचा पत्ताच लागत नाही. तारखा तर ठरलेल्या आहेत: आपण इतरांचा कापलेला टीडीएस ७ तारखेला, पीएफ आणि ईएसआय १५ ला, मासिक रिटर्न भरणाऱ्यांचा जीएसटी २० ला. ॲडव्हान्स टॅक्स १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला. त्यात पगार, वीजबिल, हप्ते, भाडं. वर्षातून एकदाच येणारे खर्चही त्यांच्या आठवड्यात लिहून ठेवायचे: विम्याचा हप्ता, मशीनच्या देखभालीचा वार्षिक करार (एएमसी), दिवाळीचा बोनस. मालकाच्या घरखर्चाची उचल ही सुद्धा एक ओळच आहे. ती लिहिली जात नाही म्हणून पुष्कळ अंदाजपत्रकं खोटी पडतात.

वरच्याच मशीन शॉपचा नोव्हेंबर मांडू. दिवाळी दुसऱ्या आठवड्यात आहे असं धरा. सुरुवात ५,०६,३१० ने करायची, ॲपवरच्या ५,८२,७१० ने नाही. आणि टूल्सवाल्याचा व ट्रान्सपोर्टचा चेक यात आधीच वजा झालेत, ते नोव्हेंबरच्या देण्यांत पुन्हा लिहायचे नाहीत. ही दुहेरी वजावट फार वेळा होते. पहिल्या आठवड्यात येणार ९०,०००. जाणार पगाराचे १,६५,०००, बोनसचे १,५५,०००, हप्ता २७,४५० आणि टीडीएस ४,२००. शिल्लक २,४४,६६०. दुसऱ्या आठवड्यात दिवाळी, मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्स विभाग बंद, म्हणून येणं शून्य. टूल्स आणि इन्सर्टचे (टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्यांचे) ६०,०००, शेडचं भाडं ३५,०००, पीएफ-ईएसआय २४,०००. शिल्लक १,२५,६६०. तिसऱ्या आठवड्यात येणार ४०,०००. वीजबिल ७८,००० आणि जीएसटी १,१२,०००. शिल्लक उणे २४,३४०.

३१ तारखेला मोबाइलवर पावणेसहा लाख दिसत होते.

त्यातल्या जीएसटीकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. सप्टेंबरच्या २५ तारखेला केलेल्या १,००,००० च्या बिलावरचे १८,००० रुपये २० ऑक्टोबरच्या रिटर्नमध्ये द्यावे लागतात. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच दिलेल्या जीएसटीची वजावट, जाऊन उरेल तेवढे रोखीत. कंपनीचे पैसे येतात नोव्हेंबरच्या अखेरीला. म्हणजे जो कर समोरच्याने अजून दिलेला नाही, तो पाच आठवडे आपण आपल्या खिशातून भरून ठेवतो. जॉबवर्कवाल्याकडे इनपुट कमी असतं, त्याचा खर्च मुख्यतः मजुरी आणि वीज, त्यामुळे त्याला हा भार जास्त लागतो. काम वाढलं की हा भारही वाढतो. नवी ऑर्डर मिळाल्यावर पैशाची चणचण का भासते, याचं अर्धं उत्तर इथे आहे. अंदाजपत्रकात म्हणून येणी जीएसटीसह लिहायची आणि जीएसटीचं देणं बिलाच्या महिन्यावरून काढायचं, वसुलीवरून नाही.

सीसी (कॅश क्रेडिट) खातं असेल, म्हणजे स्टॉक आणि येण्यांच्या तारणावर बँकेकडून उचल मिळत असेल, तर आणखी एक आकडा सांभाळावा लागतो, ड्रॉइंग पॉवरचा: त्या वेळी प्रत्यक्ष किती उचलता येतील त्याचा. मंजूर मर्यादा २५ लाख असली तरी तेवढे उचलता येतातच असं नाही. समजा स्टॉक १८ लाखांचा आणि त्यातले ६ लाख पुरवठादारांचे देणे. उरलेल्या १२ लाखांवर २५ टक्के मार्जिन (बँक धरत नाही तो भाग) गेलं की ९ लाख. ९० दिवसांच्या आतली येणी १६ लाख, त्यावर मार्जिन ४० टक्के, म्हणून ९.६० लाख. एकूण १८.६० लाख. मार्जिन बँकेगणिक वेगळं असतं, रीत हीच. आता एका पार्टीचे ३ लाख ९० दिवस ओलांडून गेले. ते पैसे तर आलेच नाहीत, वर ड्रॉइंग पॉवरही १.८० लाखांनी घटली. एकाच उशिराचा मार दोनदा बसतो. म्हणून येण्यांच्या यादीत ७५ दिवसांच्या पुढे गेलेलं प्रत्येक बिल वेगळ्या रंगात दिसायला हवं, स्टॉक स्टेटमेंट द्यायच्या आधी.

तिसऱ्या आठवड्यातले ते २४,३४० भरून कसे काढायचे? तीन आठवडे आधी कळलंय, तर वाटा पुष्कळ आहेत. सगळ्यात आधी त्या आठवड्याच्या आसपास पैसे देऊ शकेल अशा पार्टीच्या अकाउंट्स विभागाला फोन करून जीआरएन झालंय का, बिल कुठे अडकलंय का ते विचारायचं. बिल अडकण्याचं कारण बहुतेक वेळा परचेस ऑर्डरचा (पीओ) नंबर चुकणं, दर न जुळणं किंवा चलनाची प्रत न पोचणं एवढंच असतं, आणि ते फोनवर सुटतं. मोठी कंपनी ट्रेड्सवर, म्हणजे छोट्या उद्योगांची बिलं डिस्काउंट करण्याच्या ऑनलाइन मंचावर असेल तर मान्य झालेलं बिल तिथे डिस्काउंट करून पैसे आधी घेता येतात. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची सरकारकडे उद्यम नोंदणी असेल तर ४५ दिवसांच्या वर पैसे अडवता येत नाहीत असा कायदाच आहे, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याजही मागता येतं. पुढच्या ऑर्डरच्या भीतीने ते कुणी मागत नाही, हे दुःख खरंच आहे. निदान पाठपुराव्याच्या पत्रात आपला उद्यम क्रमांक तरी लिहावा.

नाहीच जमलं तर इन्सर्टच्या खरेदीचा अर्धा भाग एक आठवडा पुढे ढकलावा, पुरवठादाराला आधी सांगून. सरकारी भरणे ढकलू नयेत, त्यांचं व्याज फार महाग पडतं. कापलेल्या टीडीएसला महिना किंवा त्याचा भाग याप्रमाणे दीड टक्का व्याज लागतं, तेही कापल्याच्या तारखेपासून. २५ ऑक्टोबरला कापलेला टीडीएस ७ नोव्हेंबरऐवजी ८ नोव्हेंबरला भरला, तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे दोन महिने धरून ३ टक्के जातात. उशीर झालेला असतो फक्त एका दिवसाचा.

दर सोमवारी आधी जुळवणी, मग अंदाजपत्रक, या क्रमानेच बसावं. सरलेल्या आठवड्याच्या रकान्यात अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा लिहायचा, फरकाचं कारण दोन शब्दांत टिपायचं आणि पुढे नवा तेरावा आठवडा जोडायचा. वीजबिल ७८,००० ऐवजी ८४,००० आलं असेल तर युनिट वाढले, की पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती कामी आली त्याचं माप) खालावल्याने बिल चढलं, ते बिलावर बघायचं. पॉवर फॅक्टर खालावला असेल तर कपॅसिटर पॅनल तपासायला इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवायचं, नाहीतर डिसेंबरच्या रकान्यातही ८४,०००च लिहावे लागतील.